चार बोटं सरकलेली खुर्ची

मराठीत खुर्ची नुसती बसायची वस्तू राहिलेली नाही. ती मिळते, जाते, डळमळते, टिकवावी लागते. लोक तिला चिकटतात. मी म्हणतेय ती खुर्ची यातली नव्हे. ही घडीची, एका हाताने उचलता येणारी, रंग थोडा उडालेली आणि कुणाच्याच नावाची नसलेली. चौकात मांडलेली. तिच्यावर बसायला निवडून यावं लागत नाही आणि उठताना वाईटही वाटत नाही.

शहराच्या मध्यभागी काही चाललंय असं कळलं की माझे पाय तिकडे वळतात. गाण्याची मैफल, गाड्यांना बंद केलेला रस्ता, चित्रांचं प्रदर्शन, काहीही चालतं. जाते कार्यक्रमाला आणि बघत बसते खुर्च्यांकडे. एखादे गृहस्थ येतात, रिकामी खुर्ची हेरतात, पाठीला धरून तिला चार बोटं इकडे सरकवतात आणि मग टेकतात. ऊन चुकवायचं म्हणावं, तर ऊन होतं तिथेच. मंच नीट दिसावा म्हणावं, तर मधला खांबही होता तिथेच. पण न सरकवता बसतील तर शपथ. काही जण तर सरकवतात, जरा विचार करतात, पुन्हा होती तिथे आणून ठेवतात आणि समाधानाने बसतात.

हा शोध माझा एकटीचा, अशी माझी समजूत होती. ती विल्यम व्हाइट यांनी घालवली. हे मुळात पत्रकार. १९७०च्या दशकात त्यांनी न्यूयॉर्कमधल्या उंच इमारतींपुढच्या फरसबंद मोकळ्या जागांवर कॅमेरे रोखले आणि माणसं तिथे नेमकं काय करतात ते तासन्‌तास टिपलं. १९६१च्या नियमाने अशी जागा सोडणाऱ्या बिल्डरला जादा मजले बांधायची मुभा दिली होती. मजले चढले, पण खालच्या कितीतरी जागा ओस पडल्या. व्हाइट यांना सापडलेलं कारण इतकं साधं होतं, की त्यासाठी कॅमेरे लागले याचंच हसू यावं. माणसं बसतात कुठे, तर जिथे बसायची सोय असते तिथे. कुठे कारंजं होतं, कुठे शिल्प होतं, काही कठड्यांवर तर कुणी टेकू नये म्हणून खिळेही होते. टेकायची सोय तेवढी राहून गेली होती. १९७५ मध्ये नियम सुधारला आणि दर ३० चौरस फुटांमागे १ फूट लांबीची बैठक बंधनकारक झाली. मनाई करणारे नियम आपण जन्मभर वाचतो. माणसाला टेकू द्या, असं बजावणारा नियम मी हा एकच पाहिला.

खुर्ची सरकवण्याची खोडही त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. कारण नसताना लोक ती हलवतात, याची त्यांनी नोंद केली आहे. मला वाटतं, कारण असतं. त्या चार बोटांत माणूस शेजारच्या अनोळखी जीवाला न बोलता सांगून टाकतो, की तुमच्या अंगावर येत नाही, पण इथेच आहे हं. शिवाय एवढ्या मोठ्या शहरात, जिथे आपलं कुणी ऐकत नाही, तिथे निदान ही एक गोष्ट आपण म्हणू तिथे जाते. सिमेंटच्या बाकाला हे जमत नाही. त्याचं सगळं कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं, तोंड कुठे करायचं तेसुद्धा.

याच व्हाइट यांना ब्रायंट पार्कचं दुखणं पाहायला बोलावलं होतं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयामागची ही बाग भरवस्तीत होती, पण १९७०च्या दशकात तिथे चालायचा तो अमली पदार्थांचा धंदा. बाग रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती कुंपण, कुंपणाला झुडपं. आतलं बाहेर दिसू नये अशी चोख व्यवस्था. व्हाइट यांचा सल्ला होता, की आधी झुडपं काढा, वाटा रुंद करा, आत काय आहे ते रस्त्यावरच्या माणसाला दिसू द्या. १९८८ मध्ये बाग बंद झाली आणि १९९२ मध्ये उघडली तेव्हा तिथे हिरव्या घडीच्या खुर्च्या होत्या. साखळीने न बांधलेल्या! मोकळ्या खुर्च्या म्हणजे चोराला आमंत्रण, असं कुणालाही वाटेल. त्या खुर्च्या अजून तिथे आहेत. (बागेच्या पोटात ग्रंथालयाच्या पुस्तकांचे मजले आहेत. वर हिरवळीवर लोळणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल कोण जाणे.)

त्याच शहरात मे २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळचा ब्रॉडवे हा रस्ता गाड्यांना बंद झाला, तेव्हा ठरलेलं सामान वेळेत पोचलंच नव्हतं. मग स्वस्तातल्या, अंगणात टाकतात तसल्या घडीच्या खुर्च्या आणून मांडल्या. लोकांनी त्यांना भरपूर नावं ठेवली आणि त्यांच्यावरच बसले.

मग कार्यक्रम कशासाठी? खुर्च्या मांडल्या की झालं! तसंही नाही. पहिल्यांदा यायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं. ब्राझीलच्या कुरितिबा शहरात १९७२ साली महापौर जैमे लर्नर यांनी मुख्य रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी करायचं ठरवलं. दुकानदारांचा विरोध होता. गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक कुठून येणार? कोर्टाचे दरवाजे उघडायच्या आत काम उरकावं म्हणून एका शनिवार-रविवारच्या सुट्टीत सारा रस्ता उखडून फरसबंद केला. लगीनघाई म्हणतात ती हीच. पुढच्या आठवड्यात गाडीवाले रस्त्यात घुसणार अशी कुणकुण लागली. लर्नर यांनी पोलिसांची फळी उभी केली नाही. रस्त्यावर कागदाच्या लांबच लांब पट्ट्या अंथरल्या आणि मुलांना रंग देऊन चित्रं काढायला बसवलं. पोरांच्या अंगावर गाडी कोण घालणार? मला विचाराल तर शहराच्या मध्यभागात आजवर झालेला सर्वात हुशार सार्वजनिक कार्यक्रम तोच. ना मंच, ना भाषण, ना सत्कार.

नुसत्या गाड्या हटवून भागत नाही, हेही खरं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅलामझू शहराने १९५९ मध्ये असाच रस्ता पादचाऱ्यांसाठी केला. त्यामागे व्हिक्टर ग्रुएन यांची योजना होती. गावाबाहेर, छपराखाली सगळा बाजार एकत्र आणणारं साउथडेल सेंटर ज्यांनी १९५६ मध्ये उभं केलं, तेच हे ग्रुएन. एका हाताने बाजारपेठ रिकामी करायची आणि दुसऱ्या हाताने तिला औषध द्यायचं! कॅलामझूच्या मागोमाग कितीतरी शहरांनी तसे रस्ते केले आणि पुढे त्यातल्या बऱ्याच ठिकाणी गाड्या परत आल्या; खुद्द कॅलामझूत १९९८ मध्ये. कचेऱ्या सुटल्या की जिथे दिवा लावायला कुणी राहत नाही, तिथे फरशी कितीही सुंदर असली तरी तिच्यावर चालायचं कुणी?

म्हणून वर्षातून एकदा होणाऱ्या दणदणीत महोत्सवाबद्दल माझ्या मनात जरा संशय असतो. महोत्सवाची गर्दी मोजतात, मोठमोठे आकडे सांगतात. पुढच्या मंगळवारी तिथे किती माणसं होती ते कुणी मोजत नाही. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७४ पासून चाललेली सिक्लोव्हिया मला जास्त पटते. दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन, १२० किलोमीटरहून जास्त रस्ते सायकलींना आणि पायांना मोकळे. त्यात नवल काहीच उरलेलं नाही, आणि तेच तिचं यश. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये २००८ पासून मार्कस वेस्टबरी यांनी मध्यभागातली बंद दुकानं कलाकारांना आणि छोट्या धंद्यांना थोड्या थोड्या मुदतीने वापरायला मिळवून दिली. तिथेही मांडव नव्हता. संध्याकाळी काचेआड कुणाचा तरी दिवा दिसायचा, एवढंच.

एका मैफलीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम चौकात गेले होते. लग्न उरकलेल्या मांडवात जावं तसं. मंच सोडवत होते. दोन माणसं खुर्च्या गोळा करून एकात एक रचत होती. रात्री मंचाकडे तोंड करून मांडलेल्या सरळ रांगा आता कुठेच नव्हत्या. तीन खुर्च्या डोकं खुपसून गप्पा मारत होत्या. एक झाडाला पाठ लावून रस्त्याकडे बघत होती. दोन इतक्या जवळ होत्या, की त्यांच्याकडे बघणंही बरं दिसेना.

त्या दोघांतला एक मोजत होता. "दोन कमी भरतायत."

मी म्हटलं, "चोरीला गेल्या?"

"छे हो मावशी," हातातल्या खुर्च्या खाली ठेवत तो म्हणाला, "पलीकडच्या गल्लीत असतील, त्या बंद दुकानाच्या ओट्यापाशी. दर वेळी तिकडेच जातात." आणि तो त्या आणायला गेला. त्या गल्लीत कार्यक्रम कधीच नसतो.