बटण कुठाय?

“अरे, पण याचं बटण कुठाय?”

सकाळी सहाला, हातात रिकामी बादली घेऊन शेजारच्या आजी विचारत होत्या. आदल्या संध्याकाळी घरातला राउटर बदललेला. गिझर स्मार्ट प्लगवर (वायफायवरून, मोबाइलने चालू-बंद होणारा प्लग), तो प्लग उंचावर, गिझरच्या मागे, आणि मोबाइलवर एकच शब्द: ऑफलाइन.

बिघाड काहीच नव्हता. असे बहुतेक प्लग वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, चालतात आणि जुन्या वायफायचं नाव-पासवर्ड धरून बसतात. नव्या राउटरला तेच नाव, तोच पासवर्ड द्यायचा (स्पेलिंगमधली लहान-मोठी अक्षरंसुद्धा तीच), २.४ चा बँड सुरू ठेवायचा, वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ या प्रकारावर ठेवायची. प्लग बहुधा आपोआप जोडला जातो. नाहीतर त्याचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं आणि दिवा भराभर लुकलुकला की नव्याने जोडणी. त्यासाठी स्टूल लागतं. आजींनी स्टुलावर चढायचं का?

आणखी एक, जास्त काळजीचं. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढतो. १० अँपिअरचा प्लग कागदावर पुरतो, पण रोज अर्धा तास तापून पिना सैल होतात, प्लास्टिक पिवळं पडतं. गिझरला १६ अँपिअरचाच हवा.

पण मला आजींचाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. इंटरनेट नसताना, मोबाइल न वापरणाऱ्या माणसाला ही वस्तू हाताने चालू-बंद करता येते का? खरेदीआधी हे कोण विचारतं?

तुमच्या घरात नेट गेलं की काय काय अडतं?