ओट्यावरचा वजनकाटा

लेकीला पहिली फिट आली तेव्हा ती 9 वर्षांची होती. आता 17 ची आहे. नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबत नसेल, तर एपिलेप्सी औषधांना दाद देत नाही असं डॉक्टर धरतात. आमची चार औषधं झाली होती. मग फिट कमी करायला आहाराचा विषय निघाला.

मला वाटायचं, कीटो, म्हणजे स्निग्ध भरपूर आणि कर्बोदकं अगदी कमी असा आहार, लहान मुलांसाठी असतो. 1921 पासूनच्या मूळ पद्धतीत 4 भाग स्निग्ध आणि प्रथिनं-कर्बोदकं मिळून 1 भाग, सगळं काट्यावर. कॉलेजच्या पोरीला ते झेपणार नाही, म्हणून आम्हाला त्याचंच सैल रूप, मॉडिफाइड अ‍ॅटकिन्स, दिलं. प्रथिनं मोजायची नाहीत, तूप-लोणी भरपूर, पण तंतू वगळून कर्बोदकं दिवसाला 20 ग्रॅम.

20 ग्रॅम म्हणजे किती, ते ओट्यावर कळलं. एका पोळीत जवळजवळ दिवस संपतो. एक संत्रं अर्धा दिवस खातं. नागपूरचा डिसेंबर आणि घरात संत्र्याची टोपली नाही! आम्ही कोणीच आणली नाही. सासूबाई पहिल्या आठवड्यात म्हणाल्या, "भात नाही म्हणजे पोरगी जेवलीच नाही." आता त्याच तिच्यासाठी जवसाची चटणी कुटतात, जवसात तंतूच जास्त, त्यामुळे ती चालते.

खरं अवघड होतं ते शनिवारी. क्लास सुटला की मैत्रिणी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर. ही डब्यातलं तुपात परतलेलं पनीर काढायची आणि "डायट करते का?" ऐकायची. दोनदा रडत घरी आली. तिसऱ्यांदा तिने मैत्रिणींना फिट म्हणजे काय, ते स्वतःच सांगितलं.

हे कुणी मनाने सुरू करू नका. आधी रक्ताच्या तपासण्या झाल्या, कोलेस्टेरॉल अजून तपासतात, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन वेगळं चालू आहे. मुतखड्याचा धोका असतो, त्यामुळे आपल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात पाण्याची बाटली हातातून सुटू देत नाही. एकदा मी खोकल्याचं साधं सिरप दिलं. त्यात साखर होती. शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे कीटोन लघवीत दाखवणाऱ्या पट्टीवरचा जांभळा रंग फिका पडला आणि दुसऱ्या दिवशी फिट आली. चूक माझी होती. तेव्हापासून केमिस्टकडे आधी साखरेचं विचारते.

निदान 3 महिने करून बघा, असं डॉक्टर म्हणाले होते. सातवा महिना चालू आहे. औषधं तीच आहेत. वहीत आठवड्याला फिटच्या पाच-सहा खुणा असायच्या, या महिन्यात मिळून तीन आहेत.

काल तिने स्वतः अंड्याचा सावजी रस्सा केला. सुकं खोबरं, खसखस, कांदा, सगळं काट्यावर ठेवून. कांदा 15 ग्रॅम. तिखट मात्र मोजलं नाही.