अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा आणि रबराची कडी

सिरॉसिसमध्ये यकृत निबर झालं की आतड्यांकडून येणारं रक्त तुंबतं आणि अन्ननलिकेच्या शिरांतून वाट काढतं. यकृताच्या अलीकडच्या-पलीकडच्या शिरांतल्या दाबाचा फरक 12 मिमी पाऱ्याच्या वर गेला की त्या फुटू शकतात.

रक्तस्राव झालेला नसेल तर बहुधा कार्व्हेडिलॉल, म्हणजे हा दाब कमी करणारी गोळी: 6.25 मिग्रॅने सुरुवात, सोसलं तर 12.5. वरचं बीपी 90 च्या खाली जाता कामा नये. बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करणं, ही नेहमीची चूक.

बँडिंगमध्ये, म्हणजे फुगलेली शीर रबराच्या कडीने आवळताना, तोंडातून आत घातलेल्या दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी असते, तिच्यावर सहा-सात रबरी कड्या ताणून बसवलेल्या. सुरुवात जठराच्या तोंडाशी, मग गोल फिरत वर. शीर टोपीत ओढली की दुर्बिणीतलं चित्र दाखवणारा पडदा लालभडक होतो. तेव्हाच कडी सोडायची. अर्धवट ओढलेल्या शिरेवरून ती निसटते. दर 2 ते 4 आठवड्यांनी पुन्हा, शिरा नाहीशा होईपर्यंत.

कडी काही दिवसांत गळते, मागे व्रण राहतो आणि तोही वाहू शकतो. म्हणून आठवडाभर गुरगुट्या भात, वरण. कडक भाकरी नको.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी शौच झाली तर थेट रुग्णालय. तिथे शिरांतला दाब उतरवणारं टर्लिप्रेसिन, जंतुसंसर्ग रोखणारं सेफ्ट्रियाक्सोन, 12 तासांच्या आत दुर्बीण. रक्त मात्र बेतानेच, हिमोग्लोबिन 7 ते 8 पर्यंत. जास्त चढवलं की दाब वाढतो, शीर पुन्हा फुटते. नातेवाइकांना हे पटवणं सगळ्यात अवघड.