अधिकार होता, मग हौद का नाही उपसलात?

लग्नाकार्यात, भाजीबाजारात, परवा तर नाशिकला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, आरतीच्या गर्दीतही एकीने गाठून विचारलं. दर पावसाळ्यात डेंग्यू येतो, त्यामागोमाग हा प्रश्न येतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहिते.

होता अधिकार. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यात नोटीस देऊन आत जाण्याची, साचलेलं पाणी काढायला लावण्याची तरतूद आहे. घरमालकाने ऐकलं नाही, तर आपण काढून खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. साथ जाहीर झाली तर १८९७ चा साथरोग कायदा आहेच. महापालिकेच्या आरोग्य खात्यात नोकरीला लागले तेव्हा वाटायचं, एवढं हातात असताना लोक आजारी पडतातच कसे?

पंचवटीतला तो जुना वाडा. अंगणात दगडी हौद, वाकून पाहिलं तर अळ्या वळवळत होत्या. मी औषध काढलं तशा घरच्या आजी आडव्या आल्या. "देवाचं पाणी आहे बाई, शिवू नकोस." सोबतचा कर्मचारी म्हणाला, मॅडम, ओतून देऊ. मी नाही म्हटलं. पुण्यात प्लेगच्या वेळी सोल्जर देवघरात, माजघरात शिरले, त्यानंतर लोकांनी रोगी लपवायला सुरुवात केली, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. एका हौदासाठी अख्ख्या गल्लीची दारं मला बंद व्हायला नको होती. नोटीस लिहिली, मुदत सात दिवस.

नवव्या दिवशी त्याच वाड्यातल्या भाडेकरूंच्या मुलीला ताप भरला. ती वाचली नाही.

तिची आई मला काहीच बोलली नाही. बाकी सगळे बोलले.

मी हिशोब किती वेळा मांडला असेल. डास चावल्यापासून ताप यायला ४ ते १० दिवस. डासाच्या पोटात विषाणू तयार व्हायला त्याआधीचे ८ ते १२ दिवस. म्हणजे तिला चावलेली मादी माझ्या भेटीआधीच पंख फुटून उडत होती, तेव्हा हौद उपसून ती मादी मेली नसती. हे खरं आहे, आणि मी स्वतःचा बचाव करतेय हेही खरं आहे. कारण त्या अळ्यांतून पुढच्या आठवडाभरात जे डास निघाले, ते कोणाकोणाला चावले याचा हिशोब मी कधी मांडला नाही.

आजींना मी दोष देत नाही. आज तिथे गेले तरी त्यांना ढकलून औषध टाकेन असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण सात दिवसांत अळीचा डास होतो हे मला पाठ होतं. मुदतीचा आकडा कोणी मला सांगितला नव्हता. तिथे उद्या सकाळपर्यंत असंही लिहिता आलं असतं. त्या नोटिशीची कार्बन कॉपी अजून माझ्याकडे आहे. अक्षर माझंच आहे.