उरलेल्या तीन कांड्या

नायट्रोजनच्या टाकीत त्या कुत्र्याच्या गोठवलेल्या वीर्याच्या सहाच कांड्या, म्हणजे बारीक नळ्या, होत्या. आमच्या हिशेबाने जेमतेम दोन मात्रा. कुत्रा जाऊन बरीच वर्षं झाली. पॉइंटर जातीचा शिकारी कुत्रा, मोठ्या ट्रायल, म्हणजे मैदानी स्पर्धा, जिंकलेला.

मी पश्चिम टेनेसीत पशुवैद्य आहे. इथल्या शिकारी कुत्रेवाल्यांची पंढरी म्हणजे ग्रँड जंक्शनजवळचं एम्स प्लँटेशन. 1896 साली सुरू झालेली नॅशनल चॅम्पियनशिप तिथे होते. एका वेळी दोन कुत्रे सोडतात, पंच घोड्यावरून मागे, आणि पळायचं सलग तीन तास. बॉबव्हाइट लाव्यांचा थवा गवतात दबून बसलेला असतो. वास लागताच कुत्र्याने जागीच थिजायचं, यालाच पॉइंट म्हणतात. पक्षी भुर्रकन उडाले, बार वाजला, तरी पाऊल हलवायचं नाही. तिसऱ्या तासातही ज्याची धाव तशीच आणि पॉइंटवर शेपूट ताठ, असा कुत्रा विरळा.

अशा कुत्र्याचं वीर्य तरुणपणीच गोठवून ठेवावं, एवढी साधी गोष्ट मालक करत नाहीत. आधी स्पर्धा, मग किताब, आणि दहाव्या वर्षी डॉक्टरची आठवण. याचंही तसंच झालं होतं.

मी मुंबईत परळच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकलो, साताऱ्याकडे गाई-म्हशी भरवल्या. तिथे सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरवायचं, काम झालं. कुत्रीचं गणित वेगळं. तिचं बीज सुटतं तेव्हा कच्चं असतं, पिकायला दोन-तीन दिवस लागतात. उलट गोठवलेले शुक्राणू वितळवल्यावर जेमतेम एक दिवस टिकतात. म्हणून रोज रक्त काढून प्रोजेस्टेरॉन बघायचं, बीज कधी सुटलं ते या संप्रेरकावरून कळतं. या कांड्या जिच्यासाठी होत्या त्या कुत्रीचं रक्त दुसऱ्या एका दवाखान्याने टेबलावरच्या मशीनवर तपासून मालकाला "आजच भरवा" असं सांगून पाठवलं होतं. ही मशीनं आणि प्रयोगशाळा यांचे आकडे जुळत नाहीत, हे ठाऊक असूनही लोक एका आकड्यावर निर्णय देतात. माझ्या प्रयोगशाळेचा आकडा बराच कमी आला. मी एक दिवस थांबवलं.

दुसऱ्या दिवशी तीन कांड्या वितळवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहिला आणि पोटात गोळा आला. शंभरातले तीसच धड पुढे पोहत होते. कुत्री टेबलावर शांत उभी होती. या कामाला भूल लागत नाही. दुर्बीण गर्भाशयाच्या तोंडाशी पोहोचली होती. सहकारी म्हणाली, "उरलेल्याही काढू का?" मी मालकाकडे पाहिलं.

"तुम्ही ठरवा, डॉक्टर."

मी नको म्हणालो. बारीक नळी आत सरकवली आणि तीनच कांड्यांचा माल सोडला.

अठ्ठाविसाव्या दिवशी सोनोग्राफीत दोन ठोके दिसले. दोनच. पिल्लं झाली, एक नर, एक मादी, दोन्ही धडधाकट. मालकाने नराचे फोटो पाठवले, मादीचा एकही नाही. हे मला फार लागतं. सगळे बाप विचारतात. मेरी माँट्रोजने 1917, 1919 आणि 1920 अशी तीनदा नॅशनल जिंकली, ती मादीच होती. ज्या कुत्रीला आम्ही भरवलं तिच्या छातीचा भाता मी ऐकलाय, तिचे पाय हाताळलेत. त्या पिल्लांत जे उतरेल त्यात निम्मं तिचं आहे.

सहाही घातल्या असत्या तर पाच पिल्लं झाली असती का? की खोट मालातच होती आणि वाचवल्या तेच बरं केलं? दोन्ही बाजूंनी स्वतःशी भांडून झालंय.

आता मालकाला उरलेल्या तीन एका नव्या, किताबवाल्या तरुण कुत्रीसाठी हव्यात. मी कळवलंय की याच कुत्रीच्या पुढच्या माजाला वापरू. तिची कूस माहीत झाली आहे. त्याला आठवडे लोटले. दर सोमवारी टाकीत पट्टी घालून नायट्रोजन मोजतो. उत्तर अजून आलेलं नाही.