आकडी आली? आधी कॅल्शियम बघा

लहान मुलाच्या जिभेवरचा बुरशीचा पांढरा थर औषधाने जातो, पंधरा दिवसांत परत येतो. हे महिनोन्‌महिने चाललं असेल तर नुसतं औषध बदलत बसू नका. एपीएस-१ (ऑटोइम्यून पॉलिएंडोक्राइन सिंड्रोम टाइप १) हा आनुवंशिक प्रतिकारविकार पुष्कळदा असाच सुरू होतो. यात २१व्या गुणसूत्रावरच्या एआयआरई जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. १९९७ साली सापडलेलं हे जनुक थायमस या छातीतल्या ग्रंथीत चाळणीचं काम करतं: आपल्याच शरीरावर उलटणाऱ्या टी पेशी (प्रतिकारपेशी) तिथेच बाद होतात. चाळणी फाटली की त्या ग्रंथींवर उठतात. तोंडातल्या बुरशीचं मूळही तेच. तिला रोखणाऱ्या आयएल-१७ आणि आयएल-२२ या निरोप्या प्रथिनांविरुद्धच प्रतिपिंडं तयार होतात. आजार अप्रकट (रिसेसिव्ह), म्हणजे बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडून यावी लागते; त्यामुळे आईवडील मामेभाऊ-आतेबहीण असतील तर संशय लवकर घ्यावा.

ग्रंथींत पहिला नंबर सहसा पॅराथायरॉइडचा, म्हणजे कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथींचा. ओठांभोवती मुंग्या, पायांत वांब, मग आकडी. ही मिरगी समजून फेनिटॉइन हे मिरगीचं औषध सुरू होतं आणि ते ड जीवनसत्त्व आणखी घटवतं! दंडावर बीपीचा पट्टा वरच्या आकड्यापेक्षा २० ने जास्त फुगवून तीन मिनिटं ठेवा. अंगठा तळव्यात वळला, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, मनगट वाकलं, तर कॅल्शियम कमी असण्याची शक्यता मोठी. रिपोर्टमध्ये कॅल्शियम खाली, फॉस्फरस वर, आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक) कमी किंवा ‘नॉर्मल’. हा नॉर्मल फसवा, कारण कॅल्शियम खाली असताना पीटीएच चढायलाच हवं. मॅग्नेशियम सोबतच तपासा. ते कमी असेल तर कॅल्शियम कितीही दिलं तरी पातळी हलत नाही.

उपचार कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप) यांचे. कॅल्शियमची पातळी नॉर्मलच्या खालच्या काठाशीच ठेवायची. पीटीएचशिवाय मूत्रपिंड कॅल्शियम अडवत नाही. रक्तातला आकडा सुंदर दिसावा म्हणून डोस वाढवला की ते लघवीत उतरतं आणि मूत्रपिंडात खडे धरतं. म्हणून लघवीतलं कॅल्शियमही मोजायचं.

यानंतर बहुधा अॅड्रिनल, म्हणजे कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवणाऱ्या, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी. त्या निकामी झाल्या की त्वचा काळवंडते, पण सावळ्या मुलात हा काळेपणा चेहऱ्यावर कळत नाही. हिरड्या आणि तळहाताच्या रेषा पाहा. मूल नुसतं मीठ चाटतं का, लोणच्याच्या बरणीभोवती घुटमळतं का, हेही विचारा. सकाळी आठचं कॉर्टिसॉल आणि ते बनवायला सांगणारं एसीटीएच तपासा. इथे क्रम चुकला तर जिवावर बेतू शकतं: थायरॉइडही मंदावलेली असेल आणि कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) दिलं, तर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही झपाट्याने संपतं. आधी कॉर्टिसॉलची उणीव भरणारं हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉइडची गोळी; आणि तीही कॅल्शियमपासून चार तास लांब. बुरशीसाठी किटोकोनॅझोलच्या गोळ्या नकोत, त्या कॉर्टिसॉल बनणंच रोखतात.

तापात हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट-तिप्पट. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वाट पाहू नका: तान्ह्याला २५, शाळकरी मुलाला ५०, मोठ्याला १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दंडात किंवा मांडीत, आणि मग दवाखाना. इंजेक्शन घरात आहे पण सिरिंज नाही, असं सर्रास आढळतं. दोन्ही एकाच डबीत ठेवा, वर डोस मोठ्या अक्षरांत लिहा, आणि तशीच दुसरी डबी शाळेत द्या.