सशाला लंघन चालत नाही

आपल्याकडे पोट बिघडले की पहिला उपाय ठरलेला असतो. एक वेळ उपाशी राहायचे, फार तर ताक किंवा मऊ भात घ्यायचा आणि पोटाला विसावा द्यायचा. आमचा बटर आजारी असल्याचे कळल्यावर आईने सांगलीहून फोनवर हाच सल्ला दिला, "अगं, एक दिवस काही देऊच नकोस त्याला. लंघन झालं की आपोआप भूक लागेल." माणसांच्या बाबतीत हा सल्ला आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कामाला आला आहे. बटर मात्र ससा आहे, आणि सशाला उपास घडणे हेच मुळी जिवावर बेतणारे असते. त्याच्या दुखण्यातून उठण्याच्या काळात इथे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये जे शिकायला मिळाले ते थोडे सविस्तर लिहीत आहे, कारण पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही आता ससे पाळले जातात आणि त्यांच्या पथ्यपाण्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही.

या आजाराला इथले पशुवैद्य 'गट स्टेसिस' म्हणतात. आतड्यांची हालचाल मंदावते किंवा पार थांबते, असा त्याचा अर्थ. सशाचे पचन सतत आत येणाऱ्या तंतुमय गवतावर चालते आणि निरोगी सशाचे जठर कधीच पूर्ण रिकामे नसते. पुढे अंधांत्रात, म्हणजे आतड्याला जोडलेल्या मोठ्या पिशवीत, जिवाणू त्या गवताला आंबवतात आणि तिथे तयार होणाऱ्या मऊ, ओलसर लेंड्या ससा थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो. हे ऐकून आपल्याकडची मंडळी नाक मुरडतात, पण प्रथिने आणि 'ब' जीवनसत्त्वे त्याला त्यातूनच मिळतात. हे रहाटगाडगे थांबले की जठरातला ऐवज सुकू लागतो, वायू धरतो, वायूमुळे पोट दुखते आणि दुखण्यामुळे ससा आणखीच खाईनासा होतो. त्याला उलटीही करता येत नाही. शिवाय उपासमार लांबली तर शरीरातील चरबी यकृतात साठू लागते आणि स्थूल सशाच्या बाबतीत तर हा धोका फार लवकर येतो. म्हणूनच बारा तास काही न खाल्लेला ससा हा तातडीचा रुग्ण समजावा, असे इथे सर्रास सांगितले जाते.

कारणे अनेक असतात. आहारात गवत कमी पडणे, दाढा वाढून जिभेला किंवा गालाला टोचणे, पाणी कमी पिणे, दुसरे एखादे दुखणे, आणि भीती. पूर्वी पोटातल्या केसांच्या गोळ्यावर खापर फोडले जाई. आता केस साचणे हा बहुतेक वेळा हालचाल मंदावल्याचा परिणाम मानतात. बटरच्या बाबतीत डॉक्टरीणबाईंचा संशय भीतीवर होता, कारण २०२४ मध्ये दिवाळी आणि इंग्रजांची ५ नोव्हेंबरची आतषबाजी एकाच आठवड्यात आली होती. १६०५ साली पार्लमेंट उडवून देण्याचा कट फसला, त्याची आठवण म्हणून त्या रात्री देशभर फटाके उडतात. एरवी इथे रात्री अकरानंतर फटाके वाजवायला बंदी असते. ५ नोव्हेंबरला ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढते आणि दिवाळीच्या रात्री तर चक्क एक वाजेपर्यंत. आपल्या सणाला कायद्याने दिलेला हा मान वाचून इथल्या मराठी घरांना बरे वाटते, यात शंका नाही, पण ज्यांच्या घरी ससा आहे त्यांनी त्या मुदतीकडे वेगळ्या नजरेने पाहावे. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडच्या भारतीय वस्तीत राहिल्यावर तर या आठवड्यात शांत अशी रात्र मिळतच नाही. घाबरलेल्या सशाच्या शरीरात पळण्याची सारी तयारी होते आणि त्या तयारीत पचनाचे काम मागे पडते.

ससा हा शिकार होणारा प्राणी असल्यामुळे दुखणे लपवतो. बटर ओरडला नाही, विव्हळला नाही. तो खोलीच्या कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून, डोळे अर्धे मिटून बसला होता, मधूनच पोट जमिनीला दाबून धरत होता आणि दात करकरा खात होता. समाधानी ससाही हलकेच दात वाजवतो, पण तो आवाज मऊ असतो. हा दूर उभे राहूनही ऐकू येत होता. समोर ठेवलेल्या कोथिंबिरीकडे त्याने ढुंकून पाहिले नाही आणि लेंड्यांच्या ट्रेमध्ये सकाळपासून काहीच नव्हते.

इथे माणसांसाठी सरकारी आरोग्यसेवा असली तरी जनावरांचा दवाखाना हा सर्वस्वी पदरचे पैसे मोजण्याचा मामला आहे. रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स या पशुवैद्यांच्या नियामक संस्थेच्या आचारसंहितेनुसार पशुवैद्याने चोवीस तास तातडीच्या प्रथमोपचाराची आणि वेदनाशमनाची सोय करणे अपेक्षित असते, त्यामुळे रात्री कोणीच भेटत नाही असे सहसा होत नाही. मात्र रात्रीची नुसती तपासणीसुद्धा खिशाला चांगलीच झळ पोहोचवते. पशुवैद्यकीय सेवांच्या दरांविषयी एवढी ओरड झाली की २०२४ च्या मे महिन्यात कॉम्पिटिशन अँड मार्केट्स अथॉरिटी या सरकारी संस्थेने त्या साऱ्या बाजाराची चौकशी सुरू केली. सरकारी भत्त्यांवर जगणाऱ्या कुटुंबांसाठी १९१७ साली मारिया डिकिन यांनी सुरू केलेली पीडीएसए ही धर्मादाय संस्था मोफत किंवा अल्प दरात उपचार करते. बाकीच्यांनी विमा काढावा; मात्र त्यातही ठरावीक रक्कम आपल्यालाच भरावी लागते.

तपासणीत पहिला प्रश्न असतो तो अडथळ्याचा. आतड्यात काही अडकले असेल तर आतड्यांना चालना देणारी औषधे आणि बळेच भरवणे, दोन्ही घातक ठरतात. म्हणून पोट चाचपून, क्ष-किरण चित्र काढून आणि रक्तातील साखर पाहून आधी ती शंका फेडली जाते. साखर फार चढलेली असेल तर अडथळ्याचा संशय बळावतो. सशाच्या अंगाचे तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते आणि ते खाली घसरणे हे वाईट लक्षण समजतात. बटरचे कान गार पडले होते. त्याला ऊब दिली, कातडीखाली सलाईन दिले, ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाचे इंजेक्शन दिले, आणि अडथळा नाही याची खात्री झाल्यावर आतड्यांना चालना देणारे मेटोक्लोप्रमाइड सुरू केले. वेदना थांबल्याशिवाय भूक लागणार नाही, हे त्यातले मुख्य सूत्र. आपल्याकडे जनावरांच्या वेदनाशमनाला दुय्यम समजण्याची सवय आहे. इथे तोच उपचाराचा पाया धरला होता आणि मला ते पूर्णपणे पटले.

खरी शुश्रूषा मात्र घरी आल्यावर सुरू झाली. जरा तरतरी आली की इथे सशाला घरी पाठवतात, कारण दवाखान्यातले कुत्र्यांचे भुंकणे आणि अनोळखी वास त्याला मानवत नाहीत. सोबत मिळतात त्या जाड तोंडाच्या सिरिंजा, मेलॉक्सिकॅम हे गोडसर वेदनाशामक औषध आणि आजारी सशांसाठीच्या अन्नाची पाकिटे. त्या गवताच्या भुकटीत कोमट पाणी घालून सरसरीत पेज करायची. तिला बडीशेपेसारखा वास येतो आणि दोन-तीन दिवसांत तो वास स्वयंपाकघरातल्या टॉवेलपासून आपल्या बाह्यांपर्यंत सगळीकडे भिनतो.

भरवण्याची रीत परिचारिकेने समोर करून दाखवली. बाळाला दुपट्यात गुंडाळावे तसे सशाला टॉवेलात घट्ट, पण छाती मोकळी राहील असे गुंडाळायचे आणि मांडीवर न घेता टेबलावर आपल्या पोटाशी टेकवून बसवायचे. त्याला उताणे कधीच करायचे नाही आणि मान वर उचलायची नाही, कारण पेज श्वासनलिकेत गेली तर नवेच दुखणे उभे राहते. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये सशाच्या जबड्यात रिकामी जागा असते. तिथून, तोंडाच्या कडेने सिरिंज आत सारून अर्धा-एक मिलिलिटर सोडायचा आणि तो चावून गिळेपर्यंत थांबायचे. पहिले काही घोट हनुवटीवरून खाली आले. मग जबडा फिरू लागला, मिशा हलू लागल्या, आणि माझ्या यजमानांनी, जे एरवी घड्याळ पाहून जेवतात, रात्री दोनच्या पाळीची जबाबदारी आपणहून घेतली. किती आणि किती वेळाने भरवायचे, हे वजनावरून डॉक्टरांनीच ठरवून दिले होते. पेज वाळण्यापूर्वी हनुवटी पुसून कोरडी करणे हेही तितकेच महत्त्वाचे. केस चिकटले की खालची त्वचा लाल होते.

बरे वाटते आहे की नाही, याचा हिशेब लेंड्यांवरून मांडायचा असतो. माणसाच्या जेवणाच्या टेबलावर लेंड्यांची चर्चा होणे सभ्य नाही हे मान्य, पण त्या काळात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. सुरुवातीला मिळतात त्या बारीक, कडक, काळपट आणि वेड्यावाकड्या. काही केसात ओवलेल्या, एखादीवर चिकट शेंब. त्या पाहून घाबरून जाऊ नये, कारण अडकलेला ऐवज पुढे सरकतो आहे एवढाच त्याचा अर्थ. हळूहळू त्या मोठ्या, गोल आणि फिकट तपकिरी होतात आणि बोटांनी दाबल्या तर आत गवताचे तंतू दिसतात. आमची लेक ट्रेचे रोज फोटो काढून डॉक्टरीणबाईंना पाठवत असे. ससा खायला लागला म्हणून भरवणे एकदम बंद करायचे नाही, हे त्यांनी बजावले होते. एखादे पान खाणे म्हणजे पोटभर खाणे नव्हे, आणि बरीच दुखणी याच टप्प्यावर उलटतात. वजन रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर करावे. वेदनाशामक औषधही, ससा ठीक दिसतो म्हणून मध्येच सोडू नये.

बटरची जोडीदारीण खारी या काळात त्याच्याजवळच होती. दवाखान्यातही तिला बरोबर नेले होते. ससे दवाखान्याचा वास घेऊन परतले की घरी राहिलेला जोडीदार त्यांना ओळखेनासा होतो आणि कडाक्याच्या मारामाऱ्या होतात, म्हणून जोडी न फोडण्याचाच सल्ला इथे दिला जातो. पाळीव प्राण्याला सोबतीत किंवा सोबतीपासून दूर ठेवण्याची त्याची गरज लक्षात घ्यावी, असे इंग्लंड आणि वेल्समधल्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यातही म्हटले आहे. अडचण एकच, ट्रेमधल्या लेंड्या कोणाच्या ते कळत नाही. आम्ही दिवसातून काही वेळ जाळीच्या दोन बाजूंना दोघांना ठेवून हा तिढा सोडवला; नाकाला नाक लागत होते, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

पुढचा प्रश्न होता तो त्याच्या जिभेला चव आणण्याचा. फळे, गाजर, बिस्किटे यांतली साखर आतल्या जिवाणूंचा तोल बिघडवते, म्हणून केळ्याचा मोह टाळला. ओली कोथिंबीर, पुदिना आणि शेपू यांनी काम भागले. सुपरमार्केटमध्ये कोथिंबिरीच्या चार काड्या प्लास्टिकच्या पाकिटात मिळतात. बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानात तीच मोठ्या जुडीने मिळते, आणि त्या महिन्यात आमच्या वरणाला मात्र कोथिंबीर उरत नसे. नोव्हेंबरच्या थंडीतही कुंपणावरच्या ब्लॅकबेरीच्या काटेरी वेलाला पाने असतात. बटरने सिरिंजेविना पहिल्यांदा स्वतःहून खाल्ले ते त्यातलेच एक पान, देठाकडून सुरुवात करून, काट्यांची पर्वा न करता. मुख्य अन्न अर्थात वाळलेले गवतच. रोज सशाच्या आकाराचा भारा, आणि गोळी-खाद्य जेमतेम अंड्याच्या कपात मावेल इतके. सशाचे सगळे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चघळल्यानेच ते झिजतात, हा त्यातला दुसरा लाभ.

भारतातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी आवर्जून सांगते. घरात उरलेले माणसांचे औषध सशाला देऊ नये. विशेषतः अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या कुळातली प्रतिजैविके तोंडाने दिली तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि ससा दगावू शकतो. लहान बाळांना पोटातल्या वायूसाठी देतात ते सिमेथिकोनचे थेंब बरेच लोक सशाला देतात; त्याने अपाय होत नाही असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण उपचार म्हणून त्यावर विसंबायला त्यांनी साफ नकार दिला. ओवा आणि हिंगाचे पाणी हे आईचे पुढचे प्रस्ताव होते, ते आम्ही तिला दुखावणार नाही अशा बेताने टाळले.

दुसरी गोष्ट गवताची. विलायती टिमोथी गवत आपल्याकडे महाग पडते, पण आपली हरळी सशाला चांगली मानवते; फक्त ती फवारणी न केलेल्या जागेची, कुत्र्यांचा वावर नसलेली, स्वच्छ धुऊन कोरडी केलेली असावी. लसूणघास पिलांच्या वाढीला चालतो. मोठ्या सशाला मात्र तो रोज घालू नये, कारण त्यात कॅल्शियम जास्त असते आणि त्याचा गाळ मूत्राशयात साचतो. दुखण्यातून उठलेल्या सशाला तर तो वजन वाढवण्याच्या हौसेनेही देऊ नये. हरळी खाऊन वजन सावकाश भरते, तेवढे पुरते.